वंशलोचन, गारगोटी आणि भाकरी

केस गळू नयेत, नखे तुटू नयेत, कातडी नितळ राहावी आणि उतारवयात हाडे ठिसूळ होऊ नयेत, ही माणसाची इच्छा फार जुनी आहे. आणि ती पुरी करून देतो असे सांगणारा विक्रेताही तितकाच जुना आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या विक्रेत्याच्या पेटाऱ्यात एका गोळीची भर पडली आहे. तिच्या वेष्टनावर ‘सिलिका’ किंवा ‘सिलिकॉन’ असे नाव असते. कधी ती बांबूच्या अर्काची कुपी असते, कधी काही थेंब पाण्यातून घ्यावयाचे असतात. केस, नखे, त्वचा आणि हाडे या चौघांनाही एकाच औषधाने बळ येते, असे तीवर लिहिलेले असते. ही गोळी नवी आहे असे बहुतेकांना वाटते. वस्तुतः तिच्यातील द्रव्य आपल्या देशात इतके जुने आहे की त्याचा इतिहास सांगावयाचा म्हटले तर चरकसंहितेपासून आरंभ करावा लागेल. आणि तो इतिहास ठाण्याच्या बंदरातून, गोव्याच्या छापखान्यातून व हैदराबादच्या बाजारातून जाणारा असल्यामुळे महाराष्ट्रातील माणसाला तो परका वाटण्याचे कारण नाही.

हा विषय जामखेडसारख्या गावी मांडावयाचा तो केवळ कुतूहलापोटी नव्हे. कमी पावसाच्या, ज्वारी-बाजरीच्या या तालुक्यात महिन्याकाठी औषधावर खर्च होणारे शंभर-दोनशे रुपये म्हणजे एका घरातील डाळीचा किंवा अंड्यांचा खर्च असतो. तो पैसा गोळीकडे जावा की ताटाकडे जावा, हा प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी हे द्रव्य काय आहे, त्याविषयी कोणी काय म्हटले आणि त्यातले काय सिद्ध झाले, हे पाहणे इष्ट होईल.

सिलिकॉन हे एक मूलद्रव्य आहे. पृथ्वीच्या कवचात प्राणवायूच्या खालोखाल त्याचेच प्रमाण अधिक. प्राणवायूशी त्याचा संयोग झाला की सिलिका होते. वाळू, गारगोटी, अकीक ही सारी तिचीच रूपे. आपल्या पायाखालचा काळा दगड, म्हणजे दख्खनच्या पठाराचा बेसाल्ट, हाही मुख्यतः सिलिकेच्या संयुगांचाच बनलेला आहे. त्या दगडाच्या पोकळ्यांतून सापडणाऱ्या पांढऱ्या, चमकदार गारा बालाघाटच्या डोंगरातून हिंडणाऱ्या गुराख्यांनी पुष्कळ पाहिलेल्या असतात. हा दगड हवापाण्याने झिजतो तेव्हा त्यातील सिलिकेचा अल्पसा अंश पाण्यात विरघळतो. ते पाणी विहिरीत येते, आडात येते आणि पिकांच्या मुळांनाही मिळते.

गवताच्या कुळातील वनस्पती हा अंश विशेष आवडीने शोषून घेतात. ऊस, ज्वारी, बाजरी, गहू, भात आणि बांबू ही सारी त्याच कुळातील होत. शोषलेली सिलिका पानांच्या कडांत, कांड्यांत, दाण्याच्या टरफलात साठते. उसाच्या फडात काम करणाऱ्या माणसाचे हात पाचटाने कापतात याचे कारण त्या पानाच्या कडेला असलेले सूक्ष्म काचेसारखे दातेच होत. ऊसतोडणीसाठी दर हंगामात घर सोडून जाणाऱ्या येथील कुटुंबांना सिलिकेची ओळख करून देण्याची गरज नाही. तिच्या खुणा त्यांच्या तळहातांवर असतात.

बांबूच्या जातीत हा साठा एका निराळ्याच रूपाने दिसतो. कळकाच्या काही पेरांत आतल्या बाजूस रस साचतो, आटतो आणि त्याचे पांढरे किंवा निळसर झाक असलेले खडे बनतात. असा बांबू हलवला तर आत खुळखुळ असा आवाज येतो, आणि त्यावरूनच जाणता माणूस तो निवडून फोडतो. हेच वंशलोचन. संस्कृत ग्रंथांत त्याला वंशरोचना, तुगाक्षीरी, त्वक्क्षीरी अशी नावे आहेत. त्वक्क्षीरी म्हणजे सालीतले दूध. या शब्दावरूनच फारसी-अरबीतील ‘तबाशीर’ हा शब्द झाला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्याचा मुख्य घटक सिलिका असून बाकी थोडे पाणी व क्षार असतात.

चरकाने राजयक्ष्म्याच्या प्रकरणात जे चूर्ण सांगितले आहे ते पुढे सितोपलादि चूर्ण या नावाने घरोघर पोहोचले. त्याची घडण मोठी हिशेबी आहे. खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलदोडे दोन आणि दालचिनी एक भाग. प्रत्येक द्रव्य आधीच्याच्या निम्मे. मध-तुपाबरोबर ते खोकला, ताप, हातापायांची आग यांवर द्यावे असा प्रघात आहे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. आपल्या वैद्यांनी शेकडो वर्षे सिलिका दिली ती प्रामुख्याने कफावर आणि दाहावर. केस दाट व्हावेत किंवा नखे कठीण व्हावीत म्हणून दिलेले हे मुख्य औषध नव्हे. तेव्हा आजच्या गोळीच्या जाहिरातीत जेथे जेथे प्राचीन परंपरेची ग्वाही दिलेली असते, तेथे ती ग्वाही नेमकी कशाबद्दल आहे हे विचारणे न्याय्य ठरेल.

या द्रव्याचा व्यापार मोठा होता आणि त्याचे एक प्रमुख केंद्र आपल्या कोकणपट्टीत होते. सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्या दरबारी अल्-इद्रिसी हा अरब भूगोलवेत्ता होता. त्याने ११५४ मध्ये पुरा केलेल्या ग्रंथात ठाण्याचे वर्णन आहे. मोठ्या आखाताच्या काठी वसलेले हे सुंदर नगर असून त्याच्या आसपासच्या डोंगरांत बांबू व तबाशीर होते, आणि तेथून माल पूर्वेकडे व पश्चिमेकडे जातो, असा त्याचा आशय आहे. इद्रिसी स्वतः हिंदुस्थानात आला नव्हता. व्यापाऱ्यांनी व प्रवाशांनी सांगितले ते त्याने नोंदवले. परंतु त्या नोंदीत आणखी एक वाक्य आहे, आणि ते आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. तबाशिरात हस्तिदंताची राख मिसळून भेसळ केली जाते, असे तो सांगतो. म्हणजे सुमारे पावणेनऊशे वर्षांपूर्वीदेखील हा माल इतका महाग होता की हस्तिदंताच्या राखेची भेसळ परवडत असे! आणि दूरच्या गिऱ्हाइकाला खरे-खोटे पारखण्याचे साधन नव्हते.

त्यानंतर चारशे वर्षांनी या विषयाकडे डोळस दृष्टीने पाहणारा एक मनुष्य पश्चिम किनाऱ्यावर आला. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यास आला आणि १५६८ मध्ये तेथेच वारला. त्याचा आपल्या जिल्ह्याशी जवळचा संबंध होता. अहमदनगरचा सुलतान पहिला बुऱ्हाण निजामशाह याचा तो स्नेही होता व त्याच्यावर उपचारही करीत असे. ज्या राज्याचे मुख्य ठाणे आजच्या अहिल्यानगरात होते त्या राज्याच्या दरबारी या वैद्याची ऊठबस होती आणि तेथील हकिमांशी त्याच्या चर्चा होत. गोव्यात छापखाना १५५६ मध्ये आला. त्यानंतर सात वर्षांनी, १५६३ मध्ये, ओर्ताचा हिंदुस्थानातील औषधींवरचा संवादग्रंथ तेथे छापून निघाला. त्यात तबाशिरावर एक स्वतंत्र संवाद आहे.

ओर्ताने त्यात एक धाडस केले. अरबी वैद्यकाचे आधारस्तंभ अविसेना व अव्हेरोस या दोघांनाही त्याने चूक ठरवले. तबाशीर म्हणजे वेताची मुळे, असे अविसेनाच्या ग्रंथावरून समजले जात असे. ती वेत जाळून केलेली राख किंवा कोळसा होय, असे अव्हेरोस म्हणे. ओर्ताचे म्हणणे असे की, इतक्या पांढऱ्या पदार्थाला जो कोळसा म्हणतो त्याने तो पदार्थ पाहिलेलाच नाही. मोठ्या नावाला न भिता, पदार्थ हातात घेऊन पाहण्याची ही रीत युरोपातही त्या काळी सर्वत्र रुळलेली नव्हती. अरबस्तानात हे द्रव्य चांदीच्या भारोभार विकले जाई, असे सोळाव्या शतकातील युरोपीय लेखकांनी लिहून ठेवले आहे. ज्याचा उगम कळकाच्या बेटात, त्याची किंमत समुद्रापलीकडे चांदीएवढी व्हावी, ही त्या काळच्या औषधव्यापाराची खरी कहाणी होय.

तरीही हे खडे कशाचे बनलेले आहेत हे ओर्तालाही माहीत असणे शक्य नव्हते. त्यासाठी रसायनशास्त्राला वयात यावे लागले. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅट्रिक रसेल नावाचा इंग्रज कंपनीचा वैद्य विशाखापट्टणच्या बाजूस वनस्पती व सर्प यांचा अभ्यास करीत होता. त्याने तबाशिराचे नमुने जमवून लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवले, आणि १७९० मध्ये त्याचा लेख सोसायटीच्या नियतकालिकात आला. या नमुन्यांत हैदराबादेहून मिळवलेला माल उत्कृष्ट समजला जात होता. त्याची परीक्षा करण्याचे काम जेम्स लुई मेसी या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या तरुण रसायनज्ञाकडे आले.

मेसीने ते खडे तापवले, आम्लांत टाकले, क्षारांबरोबर वितळवले. प्राणिज किंवा वनस्पतिज पदार्थ जळावा तसे ते जळेनात, आम्लांनी विरघळेनात, क्षारांबरोबर मात्र त्यांची काच झाली. गारगोटीचे गुणधर्म ते हेच. १७९१ मध्ये त्याने आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला की, बांबूच्या पोटातला हा पदार्थ गारगोटीच्याच जातीचा आहे. त्याच लेखात त्याने आणखी एक नवल सांगितले. लंडनजवळ इझ्लिंग्टन येथे एका वैद्याच्या काचगृहात वाढवलेल्या बांबूत एक खडा सापडला. तो इतका कठीण होता की त्याने काचेवर ओरखडा उठे. वनस्पतीच्या पोटात दगड तयार होतो, ही गोष्ट त्या काळच्या विद्वानांना चमत्कारिक वाटली असल्यास नवल नाही. हाच मेसी पुढे जेम्स स्मिथसन या नावाने ओळखला जाऊ लागला. १८२९ मध्ये तो वारला. त्याने मागे ठेवलेल्या संपत्तीतून अमेरिकेत १८४६ साली स्मिथसोनियन संस्था उभी राहिली. त्या जगप्रसिद्ध संस्थेच्या मूळ दात्याचा पहिला शास्त्रीय निबंध हैदराबादच्या बाजारातील वंशलोचनावर होता, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. निबंधानंतर चारच वर्षांनी, १७९५ च्या मार्चात, हैदराबादचा निजाम आणि मराठे यांची गाठ आपल्या जामखेड तालुक्यातील खर्डा येथे रणांगणावर पडली. खर्ड्याची लढाई आपण शाळेत शिकतो. वंशलोचनाची परीक्षा मात्र कोणत्याच इयत्तेत येत नाही.

१८१९ मध्ये डेव्हिड ब्रूस्टर याने या खड्यांतून प्रकाश कसा जातो याचा अभ्यास केला. त्यांची प्रकाश वाकवण्याची शक्ती पाण्याहूनही कमी आहे, असे त्याला आढळले. खडा सच्छिद्र असतो, म्हणून असे घडते. स्वीडनच्या बर्झेलियसने १८२४ च्या सुमारास सिलिकॉन हे मूलद्रव्य वेगळे करून दाखवले. येथवर हा इतिहास दगडाचा, वनस्पतीचा आणि व्यापाराचा आहे. माणसाच्या शरीराला या द्रव्याची गरज आहे काय, हा प्रश्न अजून विचारलाच गेला नव्हता.

तो प्रश्न नेटाने विचारला गेला तो १९७० मध्ये. अमेरिकेत कॅलिफोर्निया येथे एडिथ कार्लाइल या विदुषीने उंदरांच्या कोवळ्या हाडांची सूक्ष्म यंत्राने तपासणी केली. जेथे हाडात चुना भरू लागतो त्या सीमेवर सिलिकॉनचा साठा होतो, असे तिला दिसले. दोन वर्षांनी, १९७२ मध्ये, तिने कोंबडीच्या पिलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. सिलिकॉनविरहित अन्नावर वाढवलेली पिले खुरटली आणि त्यांची हाडे नीट घडली नाहीत. त्याच वर्षी क्लाउस श्वार्ट्झ व डेव्हिड मिल्न यांनी उंदरांवरही तसेच परिणाम नोंदवले. आजच्या गोळीचा शास्त्रीय जन्म या प्रयोगांत आहे. हाडाचा व त्वचेचा सांगाडा ज्या कोलॅजन नावाच्या प्रथिनाने विणला जातो, त्याच्या घडणीत सिलिकॉनचा काही हातभार असावा, असा तर्क यातून निघाला. पुढे मात्र इतर संशोधकांना हे परिणाम तितक्या ठळकपणे पुन्हा दाखवता आले नाहीत. आजही सिलिकॉन माणसाला अत्यावश्यक आहे असे ठामपणे सिद्ध झालेले नाही, आणि म्हणून त्याचे रोजचे किती प्रमाण घ्यावे हे अमेरिकेतील अधिकृत आहारसमितीने २००१ साली ठरवण्याचे टाळले.

माणसांवरील पुराव्याचा सारांश असा आहे. २००४ मध्ये अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील २,८४७ स्त्री-पुरुषांच्या आहाराची व हाडांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांच्या जेवणात सिलिकॉन अधिक, त्या पुरुषांच्या व पाळी चालू असलेल्या स्त्रियांच्या खुब्याची हाडे अधिक घन आढळली. पाळी गेलेल्या स्त्रियांत मात्र हा संबंध दिसला नाही. आणि हाडे ठिसूळ होण्याचे भय त्यांनाच सर्वाधिक असते. शिवाय अशा पाहणीत संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. अधिक धान्य व भाज्या खाणाऱ्या माणसाची हाडे इतर कारणांनीही बळकट असू शकतात. २००५ मध्ये उन्हाने कातडी खराब झालेल्या ५० स्त्रियांवर प्रयोग झाला. रोज दहा मिलिग्रॅम सिलिकॉन वीस आठवडे दिल्यावर कातडीचा खरखरीतपणा आणि केस-नखांचा ठिसूळपणा कमी झाल्याचे आढळले. २००७ मध्ये बारीक केसांच्या ४८ स्त्रियांवर नऊ महिने केलेल्या प्रयोगात केस किंचित जाड व चिवट झाले. २००८ मध्ये हाडे विरळ होऊ लागलेल्या स्त्रियांना कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाबरोबर सिलिकॉन देऊन वर्षभर पाहिले गेले. हाड घडण्याच्या काही रक्तातील खुणा सुधारल्या, पण कण्याच्या हाडांच्या घनतेत फरक पडला नाही.

यावरून कोणी म्हणेल की थोडा तरी गुण आहे. तसे म्हणावयास हरकत नाही. परंतु पन्नास माणसांवरचा प्रयोग हा पाया घालण्यापुरता असतो, त्यावर माडी चढवता येत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांनी २०११ मध्ये सिलिकॉनविषयीचे हे सारे दावे तपासले. हाडे, सांधे, त्वचा, केस आणि नखे यांपैकी एकाही बाबतीत कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, असा निर्णय त्यांनी दिला. ज्या गोळ्यांवर परदेशी नाव पाहून आपण भारावून जातो, त्यांचे दावे त्या परदेशातच मान्य झालेले नाहीत.

आता आपल्या ताटाकडे वळू. युरोप-अमेरिकेतील माणसाच्या रोजच्या जेवणात सुमारे २० ते ५० मिलिग्रॅम सिलिकॉन असते. ज्या देशांत धान्य, डाळी व भाजीपाला यांवरच मुख्य भर आहे, त्या भारत व चीन या देशांत ते सुमारे १४० ते २०० मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचे १९९० नंतरच्या दशकातील अभ्यास सांगतात. वर सांगितलेल्या प्रयोगांत दिलेली मात्रा होती दहा मिलिग्रॅम. अर्थात खाल्लेले सारे सिलिकॉन अंगी लागत नाही. पाण्यात विरघळलेले चांगले शोषले जाते, हिरव्या शेंगांतलेही बऱ्यापैकी. केळ्यात ते पुष्कळ असले तरी फार थोडे मिळते. तरीसुद्धा कोंड्यासकट दळलेल्या ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर आणि काळ्या दगडातून झिरपलेल्या विहिरीच्या पाण्यावर जगणाऱ्या माणसाला या एका द्रव्याची वाण असेल, असे मानण्यास आधार नाही. परदेशात जे द्रव्य बाटलीतून विकत घ्यावे लागते ते येथील जात्यातून आणि पाण्याच्या हंड्यातून येत आले आहे.

मग आपल्या बायाबापड्यांचे केस गळतात, नखे तुटतात आणि पन्नाशीत कंबर वाकते, ते कशाने? याचे उत्तर जामखेडच्याच इतिहासात आहे. कॅलिफोर्नियात कार्लाइलबाई हाडे तपासत होत्या त्याच १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आले आणि त्यांनी ग्रामीण आरोग्याचा समग्र प्रकल्प सुरू केला. लवकरच १९७२ चा दुष्काळ पडला. या भागात १९७१ साली जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत आणि पाच वर्षांखालील शंभरातील चाळीस मुले कुपोषित होती. कुपोषित मुलाचा केस तांबूस, विरळ आणि ओढताच हातात येणारा होतो. पश्चिम आफ्रिकेत डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३३ मध्ये प्रथिनांच्या उणिवेचा हा रोग जगापुढे मांडला, आणि केसांच्या रंगातील हा बदल ही त्या रोगाची एक खूण मानली जाते. केस हे शरीराच्या आतल्या दारिद्र्याचे निशाण असते.

आरोळे दांपत्याने त्या निशाणाला रंग लावण्याचा उद्योग केला नाही. त्यांनी गावोगावच्या स्त्रिया निवडून त्यांना आरोग्यसेविका म्हणून शिकवले. त्यांतल्या पुष्कळ जणी निरक्षर होत्या आणि कित्येक गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या होत्या. पिण्याच्या स्वच्छ पाण्याची सोय, पोराला वेळेवर वरचे अन्न, बाळंतिणीची काळजी, जुलाब झाल्यास मीठ-साखरेचे पाणी, घरच्याच धान्य-डाळीचा सकस आहार, अशी ही शिकवण होती. १९९० नंतरच्या दशकात या गावांतील बालमृत्यू हजारी तिसाच्या आत आले आणि कुपोषण शंभरात पाचांच्या आसपास उतरले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये लोकांनी लोकांसाठी चालवलेल्या आरोग्यसेवेवर ग्रंथ काढला त्यात जामखेडची हकिकत आली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल १९९९ मध्ये व डॉ. रजनीकांत २०११ मध्ये निवर्तले. त्यांनी घालून दिलेला धडा मात्र शिळा झालेला नाही. उणीव कशाची आहे हे आधी पाहावे आणि मग ती भरून काढावी, हा तो धडा.

आज ती उणीव कशाची आहे? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. लोह कमी झाले की नख पातळ होते, तुटते आणि कधी चमच्यासारखे खोलगट होते, केसही गळतात. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. हाडांना लागते ते कॅल्शियम, प्रथिने, ऊन आणि श्रम. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. केस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन. त्याला डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी हवीत. मोठा ताप किंवा बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात आणि बहुधा आपोआप थांबतात. त्या वेळी जी गोळी चालू असेल तिला यश मिळते. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी बिघडली तरी केस जातात, आणि ते तपासणीशिवाय कळत नाही. यांपैकी कोणत्याही कारणावर सिलिकेचा इलाज नाही. त्या गोळीने फार मोठा अपाय होतो असे नव्हे. अपाय होतो तो वेळेचा. लोहाअभावी नखे तुटणारी बाई सहा महिने सिलिका घेत बसली, तर तेवढा काळ तिचे रक्त कमीच राहते.

दोन इशारे देणे आवश्यक आहे. अंगी लागलेले जादा सिलिकॉन मूत्रपिंडे बाहेर टाकतात. म्हणून ज्यांची मूत्रपिंडे दुर्बल आहेत त्यांनी वैद्याला विचारल्याशिवाय असली औषधे घेऊ नयेत. सिलिकायुक्त आम्लनाशके वर्षानुवर्षे घेणाऱ्या काही रोग्यांत सिलिकेचे मुतखडे झाल्याच्या नोंदी आहेत. दुसरे असे की, पाण्यात विरघळलेली सिलिका निराळी आणि हवेत उडणारी तिची धूळ निराळी. मध्य प्रदेशात मंदसोर येथे पाटीवरच्या पेन्सिली कापणारे आणि गुजरातेत खंबायतला अकीक घासणारे कामगार हीच धूळ छातीत घेऊन अकाली गेले. गारगोटीची बारीक धूळ फुप्फुसात रुतून बसते आणि त्या रोगावर उतारा नाही. सिलिका ‘नैसर्गिक’ आहे, एवढ्यावरून ती सर्व रूपांत निर्धोक ठरत नाही.

आणि भेसळीचे काय? खरे वंशलोचन आज दुर्मिळ झाले आहे. बाजारात त्या नावाने मिळणारा माल बहुधा कारखान्यात कृत्रिमरीत्या केलेला असतो. आपल्या घरात जी तवकीर असते, तिचे नाव त्वक्क्षीरीच्या जवळचे आहे आणि तुगाक्षीरीच्या जागी ती वापरलीही जाते. पण ती कंदापासून काढलेले पिष्ट आहे. पचायला ती हलकी आणि उपासाला चांगली, परंतु तिच्यात बांबूचा खडा नाही. ज्यांना सितोपलादि घ्यावयाचे असेल त्यांनी जाणत्या वैद्याच्या सल्ल्याने, खात्रीच्या ठिकाणचे घ्यावे. हस्तिदंताच्या राखेचे दिवस गेले, तरी गिऱ्हाइकाच्या अज्ञानावर चालणारा धंदा गेलेला नाही.

सिलिकॉनविषयी संशोधन चालू आहे आणि ते चालू राहिले पाहिजे. उद्या मोठ्या प्रयोगांतून एखाद्या वयाच्या वा एखाद्या व्याधीच्या माणसाला त्याचा निश्चित उपयोग आहे असे ठरले, तर ते मोकळ्या मनाने स्वीकारावे. ओर्ताने अविसेनाचे मोठेपण मानूनही खडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, मेसीने तो मुशीत घालून तापवला, आणि आरोळे दांपत्याने रोग्याच्या आधी गावचे पाणी व ताट तपासले. या तिघांची रीत एकच आहे, आणि ती आपल्याला औषधांच्या दुकानाच्या पायरीवरही उपयोगी पडणारी आहे. गोळी मागण्याआधी रक्त तपासून घ्यावे. घरातील सुनेच्या व लेकीच्या ताटात डाळ किती पडते ते पाहावे. सर्वांचे उरकल्यावर उरलेसुरले खाण्याची तिची पाळी संपवावी. एवढे केल्यावरही दोन पैसे उरले आणि गोळी घ्यावीशी वाटली, तर ज्याची त्याने खुशाल घ्यावी. मात्र हा क्रम उलटा होऊ नये, इतकेच सुचवून हा विषय पुरा करतो.